मार्लबरो हायस्कूल की काउंटीची अकादमी? आठवीतली लेक आणि एकच अर्ज

निशिगंधा_एनजे | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. जुनी वाचक, पहिलाच धागा. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत मार्लबरोला राहतो, मॉनमथ काउंटीत. लेक आठवीत आहे. इथं हायस्कूल नववी ते बारावी, म्हणजे येत्या सप्टेंबरात ती नव्या शाळेत जाणार. सरळ रस्ता म्हणजे गावचं मार्लबरो हायस्कूल. पण काउंटीच्या व्होकेशनल डिस्ट्रिक्टच्या पाच वेगवेगळ्या विषयांच्या शाळा आहेत: लिनक्रॉफ्टला हाय टेक्नॉलॉजी (इंजिनिअरिंगकडे कल असलेली), फ्रीहोल्डला बायोटेक्नॉलॉजी, वॉलला कम्युनिकेशन्स, नेपच्यूनला अलाइड हेल्थ, आणि सँडी हूकला समुद्रविज्ञानाची, जिला सगळे मास्ट म्हणतात. सगळ्या सरकारी, फी शून्य.

गोम अशी की या पाचांपैकी अर्ज एकाच शाळेत करता येतो. लेकीचे बाबा म्हणतात हाय टेक, कारण "नाव आहे". मला बायोटेक बरी वाटते. लेकीला विचारलं तर म्हणाली, "मला काय माहीत मी मोठी होऊन काय होणार?" आणि खोलीत गेली. तेरा वर्षांची आहे हो ती.

त्यात काल पुण्याला व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांनी विचारलं, "व्होकेशनल म्हणजे आयटीआय का?" यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही.

ज्यांची मुलं अशा शाळांत गेली त्यांनी कृपया लिहा. कुठली चांगली हे नकोय, कसं ठरवलंत ते हवंय.

चिंगी२ | १२ ऑक्टोबर, रात्री १०:४१

वाचते आहे. माझा अजून सहावीत आहे पण आत्ताच घाम फुटला.

मिडलसेक्सचा_दादा | १२ ऑक्टोबर, रात्री ११:२०

सासरेबुवांना सांगा, अर्धं बरोबर आहे. न्यू जर्सीत २१ काउंट्या आहेत आणि प्रत्येक काउंटीचा व्होकेशनल-टेक्निकल विभाग आहे. वेल्डिंग, केशकर्तन, गाड्यांची दुरुस्ती शिकवणारा विभाग तोच आणि या अकादम्या चालवणाराही तोच. त्यामुळे कागदावर लेक "व्होटेक"लाच जाणार. माझ्या आईनेही मुलाच्या एडिसनच्या अकादमीचं ऐकून आधी "एमसीव्हीसी घेतलं का त्याने?" असं विचारलं होतं, आवाज खाली आणून, शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून.

पैशाचं असं आहे की मूल निवडलं गेलं की तुमच्या गावचा स्कूल डिस्ट्रिक्ट काउंटीला त्याची फी भरतो आणि बसची सोयही त्यालाच करावी लागते. म्हणून काही गावं या शाळांवर फारशी खूश नसतात: हुशार पोरंही जातात आणि पैसेही. तुम्हाला गावच्या शाळेचा कुणी मार्गदर्शक थोडं थंडपणे बोलला तर मनाला लावून घेऊ नका.

काउंटीतच राहायला हवं ही अट पक्की. प्रवेशासाठी घर बदलणारी दोन कुटुंबं मला माहीत आहेत.

बर्गनवाली | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

आमच्याकडे हॅकेन्सॅकला बर्गन काउंटी अकॅडमीज आहे. एकाच इमारतीत सात अकादम्या: विज्ञान, वैद्यकीय, इंजिनिअरिंग-डिझाइन, कॉम्प्युटर, बिझनेस, कला आणि (कुणाला खरं वाटत नाही) पाककला व हॉटेल व्यवस्थापन. आमच्या मराठी मंडळींत पहिल्या चारांची चर्चा होते, पाककलेचं नाव काढलं की लोक हसतात. माझ्या मुलीची मैत्रीण त्यात होती. भौतिकशास्त्र, गणित सगळं इतरांबरोबर, आणि शिवाय तिच्या हातचा ब्रेड.

तिथे बारावीची मुलं दर बुधवारी शाळेत नसतात, कुठल्यातरी कामाच्या जागी असतात: प्रयोगशाळा, ऑफिस, हॉस्पिटल. माझ्या लेकीने वर्षभर एका आर्किटेक्टकडे बुधवार काढले आणि ठरवलं की आर्किटेक्ट व्हायचं नाही. मी म्हणते, चार वर्षांची फीच वसूल झाली (फी नव्हतीच, पण तरी).

निशिगंधाताई, एक सुचवते. ओपन हाऊसला (पालक-मुलांना शाळा दाखवतात तेव्हा) "पुढे कुठल्या कॉलेजात जातात" हे विचारू नका, ते सगळेच विचारतात आणि उत्तर तक्त्यावर छापलेलंच असतं. "नववीतल्या मुलाचा बुधवार कसा जातो, तास-तास सांगा" असं विचारा.

अभिजित_रूट९ | १३ ऑक्टोबर, दुपारी १२:४८

नाव आहे ते हाय टेकलाच आहे, उगाच फिरवून बोलू नका. १९९१ पासूनची शाळा, ब्रुकडेल कम्युनिटी कॉलेजच्या आवारात, सगळी मुलं अभ्यासू. नवऱ्याचं ऐका. आणि परीक्षेचे क्लास आत्ताच लावा, इंग्रजी आणि गणित. आमच्या भागात सातवीच्या सुट्टीपासून बॅचेस सुरू होतात.

पाटीलबुवा | १३ ऑक्टोबर, दुपारी १:१०

अभिजितराव, लातूर पॅटर्न सातासमुद्रापार पोचला म्हणायचा!

अभिजित_रूट९ | १३ ऑक्टोबर, दुपारी १:१४

हसा. रांगेत उभं राहायचं तर रांगेचे नियम पाळावे लागतात.

एक_शिक्षिका | १३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मी न्यू जर्सीत नाही, पण सरकारी हायस्कूलमध्ये बरीच वर्षं शिकवते आहे, म्हणून थोडं मागचं सांगते. लांबेल.

"करिअर अकादमी" हा प्रकार हुशार मुलांसाठी सुरू झालाच नव्हता. पहिली अकादमी १९६९ मध्ये फिलाडेल्फियात, एडिसन हायस्कूलमध्ये, वीज कंपनीच्या मदतीने निघाली. विषय होता विजेचं काम. शाळा सोडून जाणारी मुलं टिकावीत हा हेतू. कल्पना साधी: मोठ्या शाळेच्या पोटात एक छोटी शाळा, तीच मुलं आणि तेच शिक्षक तीन-चार वर्षं एकत्र, एका व्यवसायाभोवती बांधलेले विषय, आणि बाहेरचे मालक लोक मुलांना काम दाखवणार. न्यू जर्सीत तुम्ही जे बघता ते त्याच नावाचं पण उलट्या दिशेने वाढलेलं झाड आहे: परीक्षा घेऊन वेचलेली मुलं, स्वतंत्र इमारत.

हे का सांगते? कारण "अकादमीमुळे मुलांचं भलं होतं, संशोधन आहे" असं ओपन हाऊसला कानावर येईल. संशोधन आहे, आणि चांगलं आहे. एमडीआरसी या संस्थेने नऊ शाळांत केलं होतं. जागांपेक्षा अर्ज जास्त होते, म्हणून चिठ्ठ्या टाकून काही मुलांना आत घेतलं, काहींना नाही, आणि हायस्कूलनंतर आठ वर्षं दोन्ही गटांचा माग ठेवला. २००८ चा अहवाल सांगतो की अकादमीतल्या मुलांची कमाई वर्षाला सरासरी ११ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे २,०८८ डॉलरनी जास्त होती. मुलग्यांमध्ये फरक १७ टक्के. पण पदवी मिळवण्यात फरक काहीच नाही! दोन्ही गट सारखेच शिकले.

आणि त्या अकादम्या तुमच्या हाय टेकसारख्या नव्हत्या, साध्या शहरी शाळांमधल्या होत्या. तेव्हा तो आकडा तुमच्या मुलीला लावता येत नाही. तिच्यासारखी अभ्यास करणारी, घरी पाठबळ असलेली मुलगी मार्लबरो हायस्कूलमध्येही कॉलेजला जाणारच आहे. शाळा बदलून तिचं भविष्य बदलेल की नाही ते बाजूला ठेवा, तिची चार वर्षं मात्र नक्की बदलतील. त्या चार वर्षांकडे बघून ठरवा.

बे_एरियाचा_बाब्या | १३ ऑक्टोबर, रात्री ११:०२

शिक्षिकाबाईंना अनुमोदन. आमच्या कॅलिफोर्नियात सरकारी पैशावर चालणाऱ्या पार्टनरशिप अकादम्या आहेत. त्या नेहमीच्या हायस्कूलच्या आतच असतात आणि कायद्यानेच निम्मी मुलं अशी घ्यावी लागतात जी मागे पडण्याची शक्यता आहे. माझ्या मुलाने अशातून केलं, विषय कॉम्प्युटर. वर्गात दोन मुलं होती ज्यांनी नववीत जवळजवळ शाळा सोडली होती. आजही त्याचे सगळ्यात जवळचे मित्र तेच. मराठी मंडळात कुणाला सांगितलं की "अच्छा, ती अकादमी" म्हणून विषय बदलतात.

ह्यूस्टनकर | १४ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

आमच्याकडे डिबेकी हायस्कूल आहे, आरोग्यक्षेत्रासाठीचं, १९७२ मध्ये बेलर मेडिकल कॉलेजच्या सहकार्याने निघालेलं. मुलगी तिथली. डॉक्टर झाली नाही, होणारही नाही. पण रक्तदाब मोजणं, रुग्णाशी बोलणं, आजारी माणसासमोर न घाबरणं हे पंधराव्या वर्षी शिकली. आई गेली तेव्हा घरात एकटी तीच शांत होती.

एवढंच लिहितो.

निशिगंधा_एनजे | १४ ऑक्टोबर, रात्री ८:२५

ह्यूस्टनकर, वाचून गप्प झाले.

सगळ्यांचे आभार. थोडी माहिती वाढवते. अर्जात सातवीचे आणि आठवीच्या पहिल्या सत्राचे मार्क बघतात, वर परीक्षा. मार्क बरे आहेत. काउंटीशिवाय आमच्या फ्रीहोल्ड रीजनल डिस्ट्रिक्टचाही एक मार्ग आहे. आठ गावं, सहा हायस्कूलं, आणि प्रत्येकात वेगळं "लर्निंग सेंटर": मार्लबरोला बिझनेस, मनालापनला विज्ञान-इंजिनिअरिंग, फ्रीहोल्ड बरोला वैद्यकीय, फ्रीहोल्ड टाउनशिपला आंतरराष्ट्रीय अभ्यास, हॉवेलला नाटक-संगीत-कला, वगैरे. तो अर्ज वेगळा. म्हणजे पाच नाही, अकरा पर्याय झाले. झोप उडाली आहे.

लेक बासरी वाजवते (शाळेच्या बँडमधली, आडवी पाश्चात्त्य) आणि धावते. तिचं पहिलं वाक्य होतं, "मग मी ट्रॅक सोडायचं?"

मॉनमथकर_जुने | १४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

ट्रॅक सोडायचं नाही! मॉनमथच्या या अकादम्या छोट्या, प्रत्येकी तीनशेच्या आसपास मुलं. स्वतःचे संघ नाहीत, म्हणून मुलं आपापल्या गावच्या हायस्कूलसाठी खेळतात. माझा मुलगा अकादमीत शिकला आणि गावच्या संघातून क्रॉस कंट्री धावला. पण कागदावर सोपं आणि प्रत्यक्षात बसचं गणित. शाळा सुटली की एक बस घरी, तिथून सरावाला कुणीतरी सोडायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. चार वर्षं गाडीच्या डिकीत पोह्यांचा डबा आणि घामट बूट एकत्र.

बस हा विषय कुणी गांभीर्याने घेत नाही म्हणून लिहितो. त्याची बस सकाळी सहाला यायची. जानेवारीत बाहेर मिट्ट काळोख. गावातल्या शाळेत गेला असता तर तासभर जास्त झोपला असता. दिवसाला एक तास म्हणजे चार वर्षांत किती, ते तुमच्या इंजिनिअर नवऱ्याला काढायला सांगा.

अभिजित_रूट९ | १४ ऑक्टोबर, रात्री ९:३३

बसमध्ये अभ्यास होतो की.

मॉनमथकर_जुने | १४ ऑक्टोबर, रात्री ९:३५

बसमध्ये घोरतात.

आता_बावीस | १५ ऑक्टोबर, रात्री १२:१०

हाय. मी इथं फारशी लिहीत नाही, आईचं खातं वापरून वाचायचे, आता स्वतःचं काढलंय. मराठी चुकलं तर माफ करा.

मी न्यू जर्सीच्याच एका काउंटी अकादमीत गेले (कुठली ते नको). मेडिकलवाली. तेरा वर्षांची असताना निबंधात लिहिलं होतं की मला आजीसारख्या पेशंट्सना मदत करायची आहे. तो निबंध आईने तीनदा दुरुस्त केला. आत गेल्यावर पहिल्या दीड वर्षात कळलं की मला ते आवडत नाही. पण बाहेर पडणं म्हणजे हरणं, असं घरात आणि शाळेत दोन्हीकडे होतं. मी मार्गदर्शकांना विचारलं, परत गावच्या शाळेत जाता येईल का. त्या म्हणाल्या, "येईल, पण तू हुशार आहेस ना?" या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

राहिले. वाईट झालं नाही. छोटी शाळा होती, शिक्षकांना माझं नाव माहीत होतं, मैत्रिणी घट्ट झाल्या. आता अर्थशास्त्र शिकतेय. पण कुणी मला सुरुवातीलाच सांगितलं असतं की दार आतूनही उघडतं, तर मी रात्री कमी रडले असते.

काकू, तुमच्या मुलीला तिथल्या दहावीतल्या मुलांशी बोलू दे. बारावीच्या मुलांना टूर द्यायची सवय असते, नववीतली अजून खूश असतात. दहावीतली खरं सांगतात. आणि तुम्ही तेव्हा तिथं उभ्या राहू नका, प्लीज.

एक_शिक्षिका | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

बाळा, तुझं मराठी उत्तम आहे.

ब्रुकलिनचे_काका | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:००

या मुलीने लिहिलं तेच मला खुपतं. ब्रुकलिन टेकमध्ये (तिथंही परीक्षा आहेच, आणि भयंकर) मुलं आधी दोन वर्षं सगळं थोडं थोडं करतात आणि मग अकरावी-बारावीसाठी मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडतात. आठवीत निवडायचं आणि दहावीत निवडायचं यात वर्षं दोनच, पण त्या वयातली दोन वर्षं म्हणजे वेगळाच माणूस. आपल्याकडेही दहावीनंतरच सायन्स-कॉमर्स विचारायचे, आणि तेव्हासुद्धा शेजारचा बंड्या जिकडे जाईल तिकडे आपण जायचो!

मॉनमथकर_जुने | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

काका, खरं आहे, पण मॉनमथच्या शाळांत विषयाचं वजन सगळीकडे सारखं नाही. बायोटेकमध्ये पूर्ण आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा आहे, म्हणजे भाषा, इतिहास, प्रबंध सगळंच जड. "बायो" बघून जाऊ नका, "आयबी" बघून जा. कम्युनिकेशन्समध्ये पत्रकारिता, ध्वनिचित्र, डिझाइन. आणि मास्ट ही वेगळीच चीज. फोर्ट हॅनकॉकच्या जुन्या लष्करी इमारतींत शाळा, समोर पाणी, शेजारी १७६४ चं दीपगृह, शाळेची स्वतःची बोट. सगळ्या मुलांना नौदलाचं जेआरओटीसी सक्तीचं: गणवेश, कवायत.

पाटीलबुवा | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

सक्तीचं?? म्हणजे पुढे नेव्हीत जावं लागतं?

मॉनमथकर_जुने | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

नाही हो. भरतीचं कसलंही बंधन नाही. आपलं एनसीसी समजा, फक्त आठवड्याच्या वेळापत्रकात बसवलेलं.

निशिगंधा_एनजे | ३ नोव्हेंबर, रात्री ११:३०

मंडळी, उशीर झाला. तीन ओपन हाऊस झाले. सांगण्यासारखं आहे.

हाय टेकला बाबांनी प्रश्न विचारले, लेकीने नाही. छान शाळा, खोटं कशाला बोलू. एका खोलीत मुलं काहीतरी जोडत होती आणि कुणी मान वर करून बघितलंही नाही, इतकी गढलेली. अभिजित, तुमचं म्हणणं मला तिथं कळलं.

बायोटेकला मी प्रश्न विचारले. परत येताना गाडीत लेक म्हणाली, "आई, तू जा ना तिथे." मी जाईनच! मला अकरावीत परत बसवा कुणीतरी.

सँडी हूकला आम्ही फक्त यादी पूर्ण करायला गेलो होतो. वारा असा की ओढणी सांभाळता येईना. तिथं दहावीतली एक मुलगी होती, गणवेशात. आता_बावीस यांचं ऐकून मी नवऱ्याला हाताला धरून दीपगृहाकडे नेलं. वीस मिनिटांनी आलो तर दोघी अजून बोलत होत्या. लेकीने तिला विचारलं होतं, पावसात कवायत होते का, कंटाळा कशाचा येतो, आणि बसमध्ये कुणी वाजवू देतं का. (नाही देत.) कंटाळा बूट पॉलिश करण्याचा येतो म्हणे.

घरी आल्यावर लेक म्हणाली की तिला तिथं जायचंय. समुद्रविज्ञान का, विचारलं. म्हणाली, "समुद्राचं माहीत नाही. पण तिथल्या पोरी खिडकीतून बाहेर बघत होत्या तरी कुणी ओरडलं नाही."

यावर बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

चिंगी२ | ३ नोव्हेंबर, रात्री ११:४४

मग? मग??

अभिजित_रूट९ | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

खिडकीतून बाहेर बघायला एवढ्या लांब जायचं का? घरी खिडक्या नाहीत? (चिडू नका. पण कुणीतरी विचारायला हवं.)

निशिगंधा_एनजे | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

अभिजित, हाच प्रश्न बाबांनी विचारला, शब्द न शब्द.

मग मंगळवारी ते सकाळी पावणेसहाला उठून एकटे गाडी घेऊन गेले. बस जिथं जिथं थांबेल असं त्यांना वाटलं तिथं तिथं थांबले, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं. मला आठनंतर मेसेज आला: "एक तास चार मिनिटं. वाईट आहे." थोड्या वेळाने दुसरा: सूर्य पाण्यातून वर आलेला, फोटो वाकडा, बोट मध्ये. तिसरा मेसेज आलाच नाही. ऑफिसला उशीर झाला तेही सांगितलं नाही, मला नंतर कळलं.

संध्याकाळी लेकीसमोर कागद घेऊन बसले. एक तास चार मिनिटं गुणिले दोन गुणिले १८०, कारण शाळेचे दिवस साधारण तेवढे. वर्षाला ३८४ तास. "हे तुझे तास आहेत," म्हणाले, "माझे नाहीत. तू सांग." तिने कागद घेतला, खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी फ्रीजवर लावला होता, खाली लिहिलं होतं: झोप १५०, गाणी १००, गृहपाठ १००, खिडकी ३४.

अर्ज काल रात्री पाठवला. मास्ट. फ्रीहोल्ड रीजनलचा वेगळा अर्ज भरायचा की नाही यावर अजून चर्चा चालू आहे, ती स्वतः म्हणते मार्लबरो हायस्कूल पण चालेल, मैत्रिणी आहेत. परीक्षा व्हायचीय, प्रवेश मिळेलच असं नाही.

सासऱ्यांना काल कळवलं. म्हणाले, "आधी आयटीआय म्हणालीस, आता नेव्ही?"

पाटीलबुवा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५८

३४ तास खिडकी. मुलीला माझा सॅल्यूट सांगा, गणवेश मिळायच्या आधीच.

मॉनमथकर_जुने | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१२

ट्रॅकसाठी मार्लबरो हायस्कूलच्या क्रीडा विभागाला आत्ताच फोन करून ठेवा, फॉर्म आणि वैद्यकीय तपासणीच्या तारखा त्यांच्या चालतात, अकादमीच्या नाही. आमचा पहिला हंगाम त्यातच बुडाला होता. आणि बासरीचं?

निशिगंधा_एनजे | ९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

बासरीचं विचारायचं राहूनच गेलं. उद्या फोन करते.